सनद मतदारांची, लेखणी सत्ताधाऱ्यांची

तंजावूरच्या उत्तरेला सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. पाच नद्यांचे म्हणून त्याचे हे नाव. संत त्यागराजांची समाधी येथे आहे आणि दर पुष्य बहुल पंचमीला तेथे आराधना होते. देशभरातील संगीतप्रेमींना हे गाव ठाऊक आहे ते या आराधनेमुळे. त्याची राजकीय ओळख मात्र साधी. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तामिळनाडूत नगरसंस्थांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा तिरुवैयारु ‘पेरूराट्ची’ होते, म्हणजे महाराष्ट्रातील नगरपंचायतीसारखी संस्था. त्या दिवशी येथील मतदाराने एकच मत दिले, आपल्या प्रभागाच्या सदस्यासाठी. अध्यक्ष कोण, हे ४ मार्च रोजी सदस्यांनी आपसात ठरविले. २०११ मध्ये याच मतदाराने दोन मते दिली होती. दुसरे थेट अध्यक्षासाठी होते. दरम्यान त्याचा एक अधिकार गेला होता. तो त्याने सोडला नव्हता, कोणी त्याला विचारलेही नव्हते.

गावाची हद्द ओलांडून शेजारच्या खेड्यात गेले की चित्र पालटते. तेथे ग्रामपंचायतीच्या अध्यक्षासाठी गुलाबी मतपत्रिका मिळते आणि लोक आपला अध्यक्ष स्वतः निवडतात. एकाच रस्त्यावरच्या दोन वस्त्यांपैकी एकीतील नागरिक प्रमुख निवडण्यास पात्र आणि दुसरीतील अपात्र, असे कोणते तत्त्व यामागे आहे? तत्त्व शोधू गेल्यास हाती लागत नाही. हाती लागते ती तारखांची एक मालिका.

१९९६ मध्ये तामिळनाडूत महापौरांची थेट निवडणूक झाली आणि एम. के. स्टॅलिन चेन्नईचे पहिले थेट निर्वाचित महापौर झाले. २००१ मध्ये ते पुन्हा निवडून आले. २००२ मध्ये अण्णाद्रमुक सरकारने आमदार आणि महापौर ही दोन्ही पदे एकाच वेळी भूषविण्यास मनाई करणारी दुरुस्ती केली. स्टॅलिन यांना महापौरपद सोडावे लागले. २००६ मध्ये द्रमुक सत्तेवर परतला, स्टॅलिन स्थानिक प्रशासनाचे मंत्री झाले आणि त्यांना ज्या थेट निवडणुकीने महापौर केले होते तीच रद्द झाली. २०११ मध्ये जयललितांनी ती परत आणली. त्या वेळच्या दहाही महापालिका त्यांच्या पक्षाने जिंकल्या. २०१६ मध्ये त्यांच्याच सरकारने महापौरांची निवड पुन्हा नगरसेवकांकडे दिली. २०१८ मध्ये विधानसभेने थेट निवडणुकीचा कायदा संमत केला. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका वटहुकमाने तोही फिरवला आणि महापौर, नगराध्यक्ष, पेरूराट्चीचे अध्यक्ष या सर्वांची निवड अप्रत्यक्ष झाली. २०२१ मध्ये सत्तांतर झाले. वटहुकमावर टीका करणाऱ्या द्रमुकने सत्तेत आल्यावर २०२२ ची निवडणूक त्याच पद्धतीने घेतली.

या मालिकेत कोणता पक्ष थेट निवडणुकीचा कैवारी आणि कोणता विरोधक, हे सांगता येणे अशक्य आहे. दोघेही दोन्ही बाजूंना उभे राहिले. निवडणूक जवळ आली की कोणती पद्धत सोयीची याचा हिशेब मांडायचा आणि त्याप्रमाणे कायदा बदलायचा, एवढेच सातत्य त्यात दिसते.

महाराष्ट्राने हसू नये

दिल्लीत वा चेन्नईत सेवेत असलेल्या मराठी वाचकाला हा द्रविडी राजकारणाचा खेळ वाटण्याचा संभव आहे. तसे वाटून घेण्यास जागा नाही. महाराष्ट्रात २००१ मध्ये नगराध्यक्ष थेट निवडले गेले. २००६ मध्ये ती तरतूद गेली. २०१६ मध्ये भाजप-शिवसेना सरकारने ती परत आणली, २०२० मध्ये महाविकास आघाडीने काढली, २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने पुन्हा घातली. सरपंचांचेही तेच झाले: २०१७ मध्ये थेट, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. मुंबई महापालिकेच्या जागा २०२१ मध्ये २२७ वरून २३६ करण्यात आल्या आणि २०२२ मध्ये त्या पुन्हा २२७ वर आल्या. आघाडीच्या काळात नगरविकास खाते एकनाथ शिंदे यांच्याकडेच होते. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी त्याच खात्याची धोरणे उलटी फिरविली. चेन्नईतील २००६ चा प्रसंग आणि मुंबईतील हा प्रसंग शेजारी ठेवले, तर माणसे व भाषा तेवढ्या वेगळ्या दिसतात.

राजधानीतील वाचकाला तर उदाहरणासाठी दूर जावयाचे कारणच नाही. ९ मार्च २०२२ रोजी दिल्लीच्या तीन महापालिकांच्या निवडणुकीच्या तारखा राज्य निवडणूक आयोग जाहीर करणार होता. केंद्राचे पत्र आले आणि घोषणा पुढे गेली. त्यानंतर संसदेने कायदा दुरुस्त करून तिन्ही पालिका एक केल्या, प्रभागांची संख्या २७२ वरून २५० झाली आणि मतदान झाले ते ४ डिसेंबरला. एकत्रीकरण चूक होते असे म्हणण्याचे कारण नाही. त्यासाठी प्रशासकीय युक्तिवाद भरपूर होते. पण ते युक्तिवाद नेमके घोषणेच्या दिवशीच सुचावेत, हा योगायोग पचणारा नाही.

वाद पद्धतीचा नाही

थेट निवडणूक चांगली की अप्रत्यक्ष, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याची दोन्ही उत्तरे देता येतात. थेट निवडलेला अध्यक्ष लोकांना उत्तरदायी राहतो, सदस्यांची मनधरणी करीत बसत नाही. परंतु अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असे झाले की ठराव अडतात, अंदाजपत्रक लटकते. महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदांनी हे भोगले आहे. २०१९ च्या वटहुकमाच्या समर्थनार्थ हेच कारण पुढे केले गेले आणि ते खोटे नव्हते. अप्रत्यक्ष निवडीत कारभार सुरळीत चालतो, पण सदस्यांच्या पळवापळवीला ऊत येतो. मार्च २०२२ मध्ये तामिळनाडूत मित्रपक्षांना सोडलेली अध्यक्षपदे अनेक ठिकाणी द्रमुकच्याच बंडखोरांनी पटकावली; त्यांनी राजीनामे द्यावेत असे मुख्यमंत्र्यांना जाहीरपणे सांगावे लागले. गावाचा प्रमुख कोण असावा, हा वाद पक्षाचे मुख्यालय आणि पक्षाचे बंडखोर यांच्यात चालला होता. मतदार त्यात प्रेक्षक होता.

तेव्हा दोन्ही पद्धतींना गुण आहेत आणि दोष आहेत. विरोध आहे तो निवडणुकीच्या तोंडावर, जिंकण्याच्या हिशेबाने, मतदाराला न विचारता केलेल्या दुरुस्तीला. खेळाडूनेच पंचाचे नियम लिहावेत आणि तेही नाणेफेक होण्याच्या जरा आधी, याला सुधारणा म्हणत नाहीत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुबळा नाही. विधिमंडळ लोकांनीच निवडलेले असते. कायदा करणे हेच त्याचे काम. मग त्याला अडविणारे तुम्ही कोण? शिवाय नियम कधी बदलूच नयेत काय?

याचे उत्तर तमिळ भूमीतच कोरलेले आहे. कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तिरमेरूर येथे पहिल्या परांतक चोळाच्या काळातील दोन शिलालेख आहेत, इ. स. ९२० च्या आसपासचे. ग्रामसभेच्या समित्यांवर कोण निवडला जाईल, चिठ्ठ्या कशा काढाव्यात, हिशेब न देणारा व त्याचे आप्त कसे अपात्र ठरतील, हे सारे त्यांत तपशिलाने आहे. मंत्री आणि अधिकारी भाषणांत या लेखांचा गौरवाने उल्लेख करतात. फारसे सांगितले जात नाही ते हे, की दुसरा लेख पहिल्याच्या दोनच वर्षांनी कोरला गेला आणि त्यात पहिल्या नियमांची दुरुस्ती आहे. वयाची अट ३० ते ६० होती, ती ३५ ते ७० झाली. म्हणजे दुरुस्ती त्या काळीही होत होती आणि लवकर होत होती. मात्र राजाच्या अधिकाऱ्याच्या उपस्थितीत ती केली सभेने स्वतः, आणि सर्वांना वाचता येईल अशा जागी ती कोरून ठेवली. ती सभा जमीनदार ब्राह्मणांची होती. स्त्रियांना आणि बहुसंख्य गावकऱ्यांना तेथे स्थान नव्हते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ज्यांना नियम लागू व्हावयाचे त्यांनीच ते बदलावेत, ही एक गोष्ट तिच्याकडे होती. आजच्या सर्वसमावेशक नगरसंस्थेकडे ती नाही.

घटनेतील फट

ही उणीव घटनेतच राहून गेली आहे. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना पाच वर्षांची मुदत, राखीव जागा आणि स्वतंत्र निवडणूक आयोग दिला. अध्यक्ष कसा निवडावा हे मात्र अनुच्छेद २४३-आर अन्वये राज्यांच्या कायद्यावर सोपविले. घटनाकारांना सत्ताधाऱ्यांच्या दुरुस्तीची भीती नव्हती असे नाही. अनुच्छेद २४३-यू स्पष्ट सांगतो, की कायद्यात कोणतीही दुरुस्ती करून कार्यरत नगरसंस्था मुदतीपूर्वी विसर्जित करता येणार नाही. मुदत चालू असताना लेखणीला वेसण आहे. मुदत संपत आली की ती मोकळी सुटते.

या मोकळीकीची किंमत तामिळनाडूने मोजली आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात होणाऱ्या निवडणुकांच्या अधिसूचना नियमांचे पालन न झाल्याने मद्रास उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर रोजी रद्द केल्या. त्यानंतर नगरसंस्थांची निवडणूक झाली ती थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये. पाच वर्षांहून अधिक काळ राज्यातील महापालिकांपासून पेरूराट्चींपर्यंत सर्वत्र ‘विशेष अधिकारी’ कारभार पाहत होते. लोकनियुक्त मंडळे नसल्याने केंद्राचे अनुदान अडकले ते वेगळेच. ग्रामपंचायतींचा अनुभवही याच वळणावर गेला: तंजावूरसह ज्या जिल्ह्यांत डिसेंबर २०१९ मध्ये मतदान झाले होते, तेथील मुदत ५ जानेवारी २०२५ रोजी संपली आणि कारभार पुन्हा विशेष अधिकाऱ्यांकडे गेला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले.

प्रशासक म्हणून काम केलेला कोणताही अधिकारी जाणतो, की यात त्याचा दोष नसतो आणि त्याला सुखही नसते. ठराव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, अंमल करणाराही तोच. तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन आलेल्या बाईला तो उत्तर देऊ शकतो. पुढच्या निवडणुकीत पराभूत होण्याची भीती मात्र त्याला नसते. लोकशाहीत ती भीती हेच कारभाराचे इंधन असते.

हरकती व सूचना

प्रभागाची सीमा एका गल्लीवरून दुसऱ्या गल्लीवर सरकवायची झाली, तर प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या जातात. अध्यक्ष निवडण्याचा अधिकारच काढून घ्यायचा असेल, तर तसे बंधन नाही. एका रात्रीतील वटहुकूम पुरतो. हा उलटा न्याय बदलण्यासाठी फार मोठी क्रांती नको. अमेरिकेतील अनेक शहरांप्रमाणे नगराच्या सनदेतील दुरुस्ती थेट मतदारांपुढे ठेवावी, ही अपेक्षा आज दूरची वाटेल. चेन्नईच्या महापालिकेची सनद १६८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लंडनहून धाडली; सनद वरून येते, ही सवय तेव्हापासूनची आहे. पण युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने २००२ मध्ये घालून दिलेला दंडक तरी स्वीकारता येण्याजोगा आहे: निवडणुकीच्या मूलभूत नियमांत मतदानापूर्वीच्या एका वर्षात बदल करू नये.

त्याचे भारतीय रूप तीन ओळींत मांडता येईल. नगरसंस्थेची मुदत संपण्यापूर्वीच्या वर्षात अध्यक्षाची निवड, प्रभागरचना आणि सदस्यसंख्या यांत बदल नको. असे बदल वटहुकमाने कधीच नकोत. आणि प्रत्येक बदलाचे प्रारूप नगरसंस्थांच्या ठरावासाठी व नागरिकांच्या हरकतींसाठी आधी खुले व्हावे. हे २४३-यू मध्ये घातले, तर चेन्नई, मुंबई आणि दिल्ली या तिन्ही राजधान्यांना ते सारखेच जाचेल. त्याच्या निष्पक्षतेचा याहून चांगला पुरावा कोणता?

तामिळनाडूत २०२२ मध्ये निवडून आलेल्या मंडळांची मुदत २०२७ च्या प्रारंभापर्यंतची आहे. मागचा अनुभव पाहता दुरुस्तीचा मोह होण्याचा काळ हाच. तो होईल तेव्हा नवी पद्धत थेट आहे की अप्रत्यक्ष, हे पाहण्याआधी मतदाराने तारीख पाहावी, आणि तारीख संशयास्पद असेल तर विरोध करावा, मग बदल त्याच्या आवडीच्या पक्षाने केलेला का असेना.

तंजावूरच्या देवळात १८०३ मध्ये सरफोजी राजांनी आपल्या कुळाचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. दगडावरचा मजकूर निवडणुकीपूर्वी खोडता येत नाही. त्याहूनही जवळचा दाखला तिरुवैयारुच्या शेतकऱ्यापाशी आहे. मेट्टूर धरणाचे दार १२ जूनला उघडावे, ही कावेरीच्या खोऱ्यातील जुनी रीत. पाऊस रुसला तर ते उशिरा उघडते, पाणी कमीही मिळते. पण चेन्नईत कोणाचे सरकार आहे हे पाहून ही तारीख ठरत नाही, म्हणून शेतकरी तिच्या भरवशावर रोपे टाकतो. मतदारालाही असाच भरवसा हवा आहे.