विश्लेषण : १०२ मेगापिक्सेल, पण हात हलला तर? फुजीफिल्मचा हा कॅमेरा घ्यावा का?

फुजीफिल्म या जपानी कंपनीने २० मार्च २०२५ रोजी प्राग येथे ‘जीएफएक्स १००आरएफ’ हा मीडियम फॉरमॅट कॅमेरा जाहीर केला. १०२ मेगापिक्सेलचा सेन्सर, न बदलता येणारी एकच लेन्स आणि बॅटरी-कार्डासह वजन केवळ ७३५ ग्रॅम. जाहीर झाला तेव्हा अमेरिकेतील किंमत ४,८९९ डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या सरळ हिशेबाने सुमारे ४ लाख २० हजार रुपये. त्यावर आपल्याकडचा १८ टक्के जीएसटी धरला तर आकडा पाच लाखांच्या घरात जात होता. विक्री एप्रिल २०२५ मध्ये सुरू होणार असली तरी आगाऊ नोंदणीची घाई आधीच दिसत होती. ती अगदीच अनाठायी नव्हती. याच कंपनीच्या ‘एक्स१००व्हीआय’साठी २०२४ मध्ये ग्राहकांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली होती. पण हा कॅमेरा हातात घेण्याआधीच पैसे मोजावेत का, याचे उत्तर मेगापिक्सेलच्या आकड्यात नाही.

मीडियम फॉरमॅट म्हणजे काय?

जुन्या फोटो स्टुडिओत वरून खाली डोकावून फोटो काढायचा चौकोनी कॅमेरा असे. त्यात १२० चा रोल लागायचा आणि एका रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो निघायचे. तो मीडियम फॉरमॅट. घरोघरी पोहोचलेल्या ३५ मिमी रोलपेक्षा मोठा आणि मोठ्या शीट फिल्मपेक्षा लहान, म्हणून ‘मीडियम’.

जीएफएक्सचा सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिमीचा आहे. म्हणजे १२० च्या रोलवरील सर्वांत लहान फ्रेमपेक्षाही तो लहानच. नावाचा दिमाख जुना आणि माप नवे, असा हा प्रकार. तरीही लग्नाच्या फोटोग्राफरकडे सहसा असणाऱ्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ सुमारे १.७ पट आहे आणि २०० मेगापिक्सेलच्या महागड्या फोनमधील मुख्य सेन्सरच्या तुलनेत जवळपास २० पट. फोनचा आकडा दुप्पट असूनही फोटो तितका सकस का दिसत नाही, याचे कारण येथे आहे. तिथे पिक्सेल भरपूर, पण प्रत्येकाच्या वाट्याला जागा नाममात्र.

मोठा सेन्सर म्हणजे जास्त प्रकाश, हे खरे का?

अर्धेच खरे. सेन्सर ही परात मानली, तर लेन्स हा नळ. परात मोठी असली तरी नळ बारीक असेल तर ती भरायला वेळ लागणारच. जीएफएक्स १००आरएफवर ३५ मिमीची एफ/४ लेन्स कायमची बसवलेली आहे. तिचा आवाका फुल-फ्रेमवरील २८ मिमी लेन्सइतका, म्हणजे फोनच्या मुख्य कॅमेऱ्यापेक्षा किंचित कमी-जास्त. एफ/ नंतरचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे. एफ/४ हे काही फार मोठे छिद्र नव्हे.

तुलनेला २०२३ मध्ये आलेला जर्मन ‘लायका क्यू३’ घेऊ. सेन्सर फुल-फ्रेम, ६० मेगापिक्सेल, आवाका तोच २८ मिमीचा आणि वजन ७४३ ग्रॅम, म्हणजे जवळपास तेवढेच. त्याची लेन्स मात्र एफ/१.७ची आहे. छिद्र आणि सेन्सरचे क्षेत्रफळ दोन्ही हिशेबात धरले, तर दोन्ही लेन्स पूर्ण उघडून सारख्याच शटर वेगाने फोटो काढल्यास लायकाच्या लहान सेन्सरवर एकूण तिपटीहून अधिक प्रकाश पडतो. फुल-फ्रेमच्या भाषेत सांगायचे तर फुजीची लेन्स साधारण एफ/३.२ इतकीच भरते. चेहरा स्पष्ट आणि मागचे सगळे धूसर, अशा फोटोंच्या आशेने कोणी हा कॅमेरा पाहत असेल तर त्याची निराशा होईल.

लायकाची किंमत बाजारात आली तेव्हा ५,९९५ डॉलर होती, हेही ध्यानात ठेवायला हवे. सुरुवातीच्या किमतीत फुजी सुमारे हजार डॉलरने स्वस्त होता.

मग खरी अडचण कोणती?

या कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन नाही. हात हलला तर तो धक्का शोषून घेणारी यंत्रणा ना सेन्सरला आहे ना लेन्सला. लायका क्यू३ मध्ये ती आहे. फुजीच्याच, २०२४ मध्ये १,५९९ डॉलरला आलेल्या एक्स१००व्हीआयमध्ये आहे. आज मधल्या किमतीच्या फोनमध्येही असते. सेन्सर हलवणारी यंत्रणा बसवली असती तर अंग आणि वजन दोन्ही वाढले असते आणि खिशात नाही तरी खांद्यावरच्या पिशवीत मावणारा कॅमेरा हेच तर याचे आकर्षण आहे. कंपनीने हलकेपणा निवडला, असा याचा अर्थ.

घरातल्या साध्या दिव्यांच्या उजेडात एफ/४ वर १/६० सेकंदाचा शटर ठेवायचा तर आयएसओ साधारण ३२०० पर्यंत न्यावा लागेल. एफ/१.७ वर तेच काम सुमारे ६०० मध्ये होते. माणसे स्थिर बसलेली असतील आणि स्टॅबिलायझेशन असेल तर शटर आणखी सावकाश ठेवून आयएसओ अजून खाली आणता येतो. फुजीत ती सोय नाही. शिवाय २८ मिमीच्या आवाक्यासाठी १/३० सेकंद पुरतो, हा जुना ठोकताळा १०२ मेगापिक्सेलला लागू पडेलच असे नाही. फोटो मोठा करून पाहिला की बारीकसा धक्काही उघडा पडतो. शंभर मेगापिक्सेलसाठी पैसे मोजायचे आणि हात हलल्यामुळे त्यातले निम्मेच वापरायचे, असा व्यवहार होऊ शकतो.

मग जमेच्या बाजू कोणत्या?

बऱ्याच आहेत. शटर लेन्सच्या आत असल्याने त्याचा आवाज जवळपास नाही आणि धक्काही अगदी कमी. स्टॅबिलायझेशनची थोडी भरपाई येथे होईल. त्याहून मोठा फायदा फ्लॅशचा. जीएफएक्स १००एस २ या कंपनीच्याच मोठ्या भावंडात नेहमीच्या पद्धतीने फ्लॅश १/१२५ सेकंदापर्यंतच जुळतो. येथे ते बंधन नाही. भर दुपारी उन्हात प्री-वेडिंग शूट करणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. लेन्समध्येच एनडी फिल्टरही आहे. तो प्रकाश सोळाव्या हिश्शावर आणतो. धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसायला हवे असेल तर वेगळी काच लावावी लागणार नाही. मात्र सह्याद्रीत पावसात वापरायचा तर सोबत मिळणारी रिंग आणि संरक्षक फिल्टर लावल्याशिवाय लेन्सकडची बाजू बंदिस्त होत नाही.

एकच लेन्स असली तरी कापायला जागा मुबलक आहे. ४५ मिमीचा आवाका घेतला तर ६२ मेगापिक्सेल उरतात, ६३ मिमीला सुमारे ३१ आणि ८० मिमीला २०. फोटोची चौकट बदलण्यासाठी मागे स्वतंत्र चकती आहे, तिच्यावर नऊ प्रमाणे मिळतात. त्यातील लांबट ६५:२४ पाहून जुन्या पॅनोरमा फिल्म कॅमेऱ्यांचे चाहते हळवे होणार, हे उघड आहे. व्हिडीओ ४के, सेकंदाला ३० फ्रेम. तोही सेन्सर वा लेन्समधील स्टॅबिलायझेशनशिवाय, तेव्हा व्हिडीओसाठी हा कॅमेरा नव्हेच.

एवढे मेगापिक्सेल वापरणार कुठे?

फोटोची लांबी-रुंदी ११,६४८ बाय ८,७३६ पिक्सेल आहे. ३०० डीपीआयने छापल्यास सुमारे ३९ बाय २९ इंच. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचे १२ बाय ३६ इंचांचे पूर्ण पान एकाच फोटोने भरायला १०,८०० पिक्सेल रुंदी लागते, ती येथे न ताणता मिळते. पण संपूर्ण अल्बममध्ये अशी पाने किती असतात? उरलेले फोटो तर व्हॉट्सॲपवरच जाणार.

आणि साठवणुकीचा खर्च वेगळाच. कॉम्प्रेस न केलेली एक रॉ फाइल साधारण २०० एमबीची. एका लग्नात २,००० फोटो काढले तर ४०० जीबी. कॉम्प्रेस केल्यास हे कमी होईल, तरी कार्ड, हार्डडिस्क आणि संपादनाचा संगणक यांचा खर्च पाच लाखांत धरलेला नाही.

घ्यावा की थांबावे?

डोंगर, वास्तू, रस्त्यावरची दिवसाउजेडीची छायाचित्रे, मोठ्या छपाईची कामे आणि पाठीवर वजन नको अशी अट, हे सगळे ज्याच्या बाबतीत जुळते त्याच्यासाठी असा दुसरा कॅमेरा बाजारात नाही. लग्न, सभागृह, मंदिराचा गाभारा, रात्रीचा कार्यक्रम यांवर ज्याचे पोट आहे, त्याने हप्त्यांवर हा घेणे धोक्याचे. दोन्हींच्या मूळ किमती पाहिल्या तर त्याला शंभर डॉलर अधिक मोजून, म्हणजे ४,९९९ डॉलरला, जीएफएक्स १००एस २ मिळत होता. त्यात तितकेच मेगापिक्सेल, स्टॅबिलायझेशन आणि लेन्स बदलण्याची सोय आहे. मात्र तो नुसत्या बॉडीचा भाव होता. वजन ८८३ ग्रॅमपासून सुरू होते आणि लेन्सचे पैसे वेगळे, म्हणजे तोही स्वस्त नाहीच.

दुकानात नमुना उपलब्ध असला, तर स्वतःचे मेमरी कार्ड सोबत न्यावे. दुकानाच्या आतल्या उजेडात, कॅमेरा हातात धरून, एफ/४ वर १/३०, १/६० आणि १/१२५ या वेगांवर प्रत्येकी दहा फोटो काढावेत. घरी येऊन ते मोठ्या पडद्यावर शंभर टक्के आकारात उघडून त्यातले किती धारदार आहेत ते मोजावे, आणि कोपरेही तपासावेत.