उकिरडा आपला, डोंगर त्यांचा



आपल्या उकिरड्याने आजवर कोणाला गाव सोडायला लावलेले नाही. शेण, गव्हाणीतला उष्टा कडबा, चुलीची राख, एवढाच त्याचा माल. वैशाखात तो गाडीने रानात जातो आणि खड्डा रिकामा होतो. शहराचा कचरा डेपो मात्र दरसाल चढतच जातो. ढीग किती मोठा यापेक्षा ढिगात काय पडते, ते बघा.

शहराच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला माल असतो. भाजीची देठे, शिळे अन्न, फळांच्या साली. तो एकटा असता तर काही महिन्यांत त्याचे खत झाले असते. पण त्याच गाडीत प्लास्टिकच्या पिशव्या, काच, बॅटरीचे सेल, फुटक्या ट्यूबलाइट येतात. पिशव्यांचे थर बसले, की आत हवा जात नाही. मग गोबरगॅसच्या टाकीत शेणाचे होते तेच इथे होते, मिथेन तयार होतो. टाकीला झाकण आणि नळी असते, असल्या ढिगाला काहीच नसते. ठिणगी पडली की वरचे प्लास्टिक आणि चिंध्या जळण होतात, आणि पाणी मारले तरी आतली आग धुमसत राहते. मुंबईचा देवनार डेपो १९२७ सालापासूनचा. २०१६ च्या जानेवारीत तो पेटला, तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

त्याहून वाईट पाण्याचे. ओल्या मालाचे पाणी आणि वरचा पाऊस मिळून काळा रस सुटतो. सुरुवातीला तो आंबट असतो, त्यात सेलमधले शिसे, कॅडमियम उतरते. खाली अस्तर नसेल तर तो मुरुमातून, पाषाणाच्या भेगांतून विहिरीकडे निघतो. वरून माती टाकून झाकले म्हणावे, तर आतला ओला माल कुजून ढीग कमी-जास्त खचतो, मातीला भेगा पडतात आणि पाऊस पुन्हा आत. जाळून वीज करू म्हणणारेही भेटतात. ओल्या कचऱ्यातले पाणी आधी आटवावे लागते, त्यातच बरीच धग जाते, हे चूल पेटवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा.

लांब कशाला, आपल्या मराठवाड्यातले नारेगाव घ्या. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहराचा कचरा तिथे तीस वर्षांहून जास्त काळ पडला. २०१८ च्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, हायकोर्टानेही तिथे कचरा टाकायला मनाई केली. मग गाड्या दुसरी गावे शोधत फिरल्या आणि मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक, लाठीमार झाला. कचरा वेगळा करा, कामाचे काढून उरलेलेच पुरा, हा नियम २००० साली झाला होता. २०१६ साली तोच पुन्हा लिहिला. दंगल त्याच्या नंतरची!

आम्ही एका साली एका नगरपालिकेचे कंपोस्ट ट्रॉलीभर आणले. कापसाच्या पहिल्या खुरपणीला बायांच्या बोटात काच घुसली, पिशव्यांच्या चिंध्या अजून बांधावर फडफडतात. आपल्या कोरडवाहू रानाला सेंद्रिय मालाची भूक आहे, हे खरे. पण शहरी खतात किलोला शंभर मिलिग्रॅमच्या वर शिसे नको, पाचच्या वर कॅडमियम नको, असे सरकारचेच मापदंड आहेत. एकदा मिसळलेला कचरा चाळणीने काच सोडील, शिसे कसे सोडील?

आपणही फार स्वच्छ आहोत असे नाही. नारायणगडावर आषाढीच्या गर्दीनंतर पूर्वी पळसाच्या पत्रावळी उरत, आता प्लास्टिकचे ग्लास उरतात. तेही गडावरच वेगळे काढायला हवेत.

उद्या एखादी नगरपालिका गायरान मागायला आली, तर ग्रामसभेत आधी एवढे विचारा: ओले वेगळे किती घरांतून येते? अस्तर कशाचे? रस कुठे साठवणार? खताचा तपासणी दाखला कुठे आहे? निव्वळ ओला माल आणा, आम्ही खड्डे खणून देतो. मिसळलेली गाडी शिवेवरूनच परत जाईल.