कंपनी सांभाळली म्हणून खासदारकी सांभाळेल?

2024 च्या लोकसभेला मी पहिल्यांदा मतदान केलं. दक्षिण गोवा मतदारसंघ, फोंडा तालुका. तेव्हा आमच्याकडे एक वाक्य जिथे तिथे ऐकू यायचं, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, अगदी कॉलेजातसुद्धा: "एवढा मोठा उद्योग सांभाळते ती बाई, तिला खासदारकी काय अवघड?" मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आता निकाल लागून गेलाय, कुणाचा प्रचार केल्याचा आरोप होणार नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

आधी न्यायाचं बोलूया. पल्लवी धेंपे उच्चशिक्षित आहेत, धेंपो उद्योगसमूहाच्या कार्यकारी संचालक आहेत. भाजपने गोव्यात लोकसभेला उभी केलेली ही पहिली महिला. 1980 साली मगोच्या संयोगिता राणे पणजीतून निवडून आल्या, त्यानंतर गोव्याने एकही बाई लोकसभेत पाठवलेली नाही. तेव्हा महिलेला उमेदवारी मिळाली हे बरंच झालं. माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्या ज्या रस्त्याने आल्या, त्या रस्त्याशी आहे.

स्थानिक इच्छुक होते, सगळे पुरुष. दिल्लीने सांगितलं, बाईचं नाव द्या. आणि पक्षाला नाव कुठे सापडलं? थेट कंपनीच्या संचालक मंडळात. त्याआधी त्यांनी एकही निवडणूक लढवली नव्हती. मग प्रश्न पडतो की पंचायतीत महिलांना आरक्षण मिळून तीस वर्षं झाली, त्या बायका गेल्या कुठे?

एक मला माहीत आहे. आमच्या वाड्यावरची काकी राखीव प्रभागातून पंच झाली. पाण्याच्या टँकरसाठी ती रात्री दहाला फोन उचलायची. पुढच्या खेपेला प्रभाग खुला झाला आणि पॅनेलवाल्यांनी तिला गोड आवाजात सांगितलं, "आता दुसऱ्याला संधी द्या." दुसरा म्हणजे अर्थात पुरुष. काकी घरी बसली. "लायक महिला मिळत नाहीत" असं कुणी म्हटलं की मला काकी आठवते.

आता त्या वाक्याकडे येऊ. कंपनीत ज्याचे शेअर जास्त, त्याचं मत जास्त. मतदारसंघात काकीचं एक मत आणि संचालकाचंही एकच. कंपनीला न परवडणारा धंदा विकता येतो. याच समूहाने 2009 मध्ये आपला खाणव्यवसाय 1,750 कोटींना सेसा गोवाला विकला. धंद्याच्या हिशेबात त्यात काही गैर नाही. पण 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाला असं विकून मोकळं होता आलं नाही. खासदाराला त्या माणसाबरोबर राहावं लागतं. न परवडणारा तालुका विकता येत नाही.

प्रतिज्ञापत्रानुसार पती-पत्नीची मालमत्ता 1,300 कोटींहून जास्त होती. श्रीमंत असणं गुन्हा नाही. पण 'नवहिंद टाइम्स' आणि आपल्यातले कितीतरी जण रोज वाचतात तो 'नवप्रभा', ही दोन्ही दैनिकं याच समूहाची. मी कुठल्याही बातमीवर वा पत्रकारावर आरोप करत नाही. मी रचनेबद्दल बोलतेय. उमेदवाराच्या घरचंच वर्तमानपत्र असेल तर उमेदवाराला अडचणीचा प्रश्न कुणी विचारायचा?

यावर जाणती मंडळी मला लगेच अडवतात: "आणि भाऊसाहेब बांदोडकर? तेही खाणमालकच ना?" होय, होतेच. पण भाऊ प्रश्न घेऊन आले. कूळ, गावोगावी मराठी शाळा, विलीनीकरण. कोण कुठल्या बाजूला ते लोकांना स्वच्छ दिसत होतं. 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरण 34,021 मतांनी हरलं, तरी त्याच वर्षी लोकांनी भाऊंनाच पुन्हा सत्तेवर बसवलं. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर, त्यांना वारसा मिळाला हे नाकारायचं कशाला? पण 1973 मध्ये मुख्यमंत्री होण्याआधी त्या आमदारकी आणि मंत्रिपद करून आल्या होत्या, आणि 1975 चा मुंडकार कायदा त्यांच्याच काळातला. पैसा भाऊंकडेही होता. मतं मात्र प्रश्नाला पडली.

दक्षिण गोव्यात धेंपे 13,535 मतांनी हरल्या. जिंकलेले कॅप्टन विरियातो फर्नांडिस माझे कुणी आदर्श नाहीत. संविधान गोव्यावर लादलं गेलं, हे त्यांचं प्रचारातलं विधान मला खटकलंच. पण ते रेल्वे दुपदरीकरणाच्या विरोधात लोकांबरोबर रस्त्यावर उतरले होते, आणि विधानसभेला एकदा हरून आले होते. हरणं ही राजकारणातली शिकवणी असते. ती कुठल्याही बिझनेस स्कूलमध्ये मिळत नाही.

बेळगाव-खानापूरच्या मित्रांनो, हे गोव्याचं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. 2021 च्या बेळगाव पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण शुभम शेळकेंना एक लाख सतरा हजारांवर मतं पडली. कुठली कंपनी होती त्यांच्यामागे? प्रश्न आपला होता, एवढं पुरलं. तुमच्याकडे ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्यांतली एक तरी उद्या लोकसभेला उभी राहील अशी तयारी आपण करतोय का?

कारण वेळ येणार आहे. 2023 च्या घटनादुरुस्तीने लोकसभेत एकतृतीयांश जागा महिलांना राखीव होतील, जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर. तेव्हा सगळेच पक्ष बायका शोधत फिरतील. आपण आत्ता गप्प बसलो तर त्या जागा मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत वाटल्या जातील आणि आपल्याला फक्त टाळ्या वाजवायला बोलावतील.

उद्योजक बाईने राजकारणात यावं, जरूर यावं. पण आधी एखादी पंचायत, एखादी जिल्हा पंचायत लढवावी, एखादं आंदोलन उन्हात उभं राहून पाहावं. आणि दारात मत मागायला आली की आपण तिला दोन गोष्टी विचाराव्यात: आमचा कुठला प्रश्न घेऊन चाललीस? आणि तो सोडवताना तुझ्या घरच्या धंद्याला तोटा झाला तर काय करशील?

2024 मध्ये आमच्या घरातली चार मतं कुणीही हे न विचारता गृहीत धरली. पुढच्या वेळी दार मी उघडणार आहे.