ही राख कोणाची?

25 ऑक्टोबर 1569 रोजी जुन्या गोव्यात कातारीना द ऑर्ता या स्त्रीला धर्मन्यायालयाच्या निवाड्यानुसार जाळण्यात आले. तिने कोणाचा जीव घेतला नव्हता, कोणाचे धन लुबाडले नव्हते. बाप्तिस्मा झालेला असूनही पूर्वजांचा मोशेचा धर्म तिने अंतःकरणातून उपटून टाकला नाही आणि त्याचा पश्चात्तापही केला नाही, एवढाच तिचा अपराध. जाळणारे आणि जळणारी, दफ्तरी दोघेही एकाच चर्चची लेकरे!

तो बाप्तिस्मा तरी मागितला होता कोणी? 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले म्हणून कातारीनाचे घराणे पोर्तुगालात आले; 1497 मध्ये तेथील राजाने ज्यूंना बळाने ख्रिस्ती केले; आणि ज्यांच्या मस्तकी ते पाणी जुलमाने ओतले, त्यांच्याच पोटात ते मुरले की नाही हे तपासायला पुढे धर्मन्यायालय बसवले. लिस्बनचा तुरुंग भोगून कातारीना भावाच्या आश्रयाला गोव्यात आली. भाऊ म्हणजे गार्सिया द ऑर्ता, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य, मुंबई बेटाचा पट्टेदार आणि 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या औषधीग्रंथाचा कर्ता. मुंबईच्या आपल्या जागेतला, वर्षातून दोनदा फळणारा आंबा त्याने त्या ग्रंथात कौतुकाने नोंदवला आहे. 1568 मध्ये तो वारला, त्याचे छत्र हरपले आणि पुढच्याच वर्षी बहिणीची राख झाली. तेवढ्यानेही धर्मरक्षकांची भूक भागली नाही. 1580 मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली.

आणि गुन्हा हुडकला जाई कोठे? चुलीपाशी! डुकराचे मांस ताटात का नाही, शनिवारी धुवट वस्त्रे का नेसली, शुक्रवारी तिन्हीसांजेला दिवा का उजळला, हे शेजाऱ्याने टिपावे, दासीने सांगावे, आप्ताने भयापोटी कबूल करावे, आणि धर्मन्यायालयाच्या ज्या वाड्याला गोवेकर थरथरत ‘व्हडलें घर’ म्हणत तेथे त्याचे पुरावे व्हावेत. पुढे हेच नाक नवख्रिस्ती गोवेकरांच्या अंगणातल्या तुळशीपर्यंत आणि लग्नघरच्या ओव्यांपर्यंत पोचले. अ. का. प्रियोळकरांनी 1961 मध्ये हा काळा इतिहास ग्रंथबद्ध केला. 1561 ते 1774 या काळातल्या 16,202 आरोपींची नोंद मिळते. माणसे होती ती.

भावाच्या नावाने पणजीत बाग आहे. बहिणीचे नाव कोण घेतो? चर्चच्या अभिमान्यांना ती अडचणीची, कारण तिला जाळणारा हात त्यांच्याच घरचा. आणि व्यासपीठावर मुठी आवळून गोव्याच्या धर्मन्यायालयाचा उद्धार करणाऱ्या आमच्या वीरांना ती निरुपयोगी, कारण ती ना हिंदू, ना एतद्देशीय. जिच्या मरणाचे भांडवल होत नाही, तिच्यासाठी अश्रूही नाहीत!

हे आम्ही हैदराबादच्या चिक्कडपल्लीत बसून लिहितो आहोत. येथल्या सिटी सेंट्रल लायब्ररीत पहाटेपासून जागा धरून बसणारी, स्पर्धा-परीक्षांची शेकडो मुले धर्मन्यायालयाची सनावळी पाठ करतात, आणि रात्री खोली शोधत गल्लीबोळांत हिंडताना त्यांच्यातल्याच कोणाला जिन्याच्या तोंडाशी आडनाव विचारले जाते, मग जात, मग ‘घरात काय शिजतं?’ नाव ऐकताच घरमालकाला आठवते की खोली कालच गेली. ‘टू-लेट’ची पाटी मात्र दुसऱ्या दिवशीही तेथेच लोंबत असते. हा मालक परका नाही. तो आपलाच वाचक आहे, संकष्टीला उपास करणारा, सभेत पहिल्या रांगेत बसणारा, आणि चारशे वर्षांपूर्वीच्या परकीय पाद्र्यांच्या क्रौर्याने ज्याचे रक्त आजही उसळते असा सुशिक्षित गृहस्थ! गृहस्था, त्या पाद्र्यांचेही नाक असेच चुलीवर होते. कातारीनाच्या नावाने गहिवरण्याआधी जिन्यात उभ्या राहिलेल्या त्या पोराला विचारलेला प्रश्न आठव.

आणि खोलीची किल्ली त्याच्या हाती दे.