सोड्याच्या बाटल्या आणि पोलिसाची नोकरी



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली आणि आमच्या वस्तीतल्या एक ताई माझ्याजवळ आल्या. सोबत त्यांचा मुलगा, आणि हातातल्या पिशवीत त्याचे फुटबॉलचे बूट. "भाऊ, हे तुमच्या घरी ठेवा. दहावी होईपर्यंत याला देऊ नका," असे म्हणून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. मुलगा खाली मान घालून उभा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट असती, तर बाबासाहेबांच्या अठरा-अठरा तासांच्या अभ्यासावर मी त्याला तिथेच व्याख्यान दिले असते. या वेळी ते तोंडातून निघाले नाही. का निघाले नाही, ते आज सांगतो.

आमच्या कार्यालयात एक मल्याळी सहकारी आहेत, मूळचे त्रिशूरचे, निवृत्तीला आलेले. जेवणाच्या सुट्टीत क्रिकेटच्या गप्पा सुरू झाल्या की हे गृहस्थ डबा घेऊन बाजूच्या टेबलावर जातात. पण कुणी आय. एम. विजयनचे नाव काढले की डबा तसाच राहतो आणि ते बोलू लागतात. विजयन म्हणजे भारताचा एकेकाळचा नामांकित फुटबॉलपटू, देशाच्या संघाचा कर्णधार. पण आमच्या सहकाऱ्यांची आठवण त्याच्या गोलपासून सुरू होत नाही. ती सुरू होते सोड्याच्या बाटल्यांपासून. त्रिशूरच्या म्युनिसिपल स्टेडियमवर सामने असले की हा पोरगा बाटल्या घेऊन प्रेक्षकांत फिरायचा. एका बाटलीमागे 10 पैसे. "आम्ही तिकीट काढून आत जायचो, तो बाटल्या घेऊन आत यायचा. सामना मात्र आमच्यापेक्षा त्यानेच जास्त नीट पाहिला," असे ते म्हणतात.

विजयनचा जन्म 1969 चा. शिक्षण त्रिशूरच्याच सी.एम.एस. हायस्कूलमध्ये. घरी गरिबी. वयाच्या सतराव्या वर्षी केरळचे त्या वेळचे पोलीस महासंचालक एम. के. जोसेफ यांची नजर त्याच्यावर गेली आणि त्यांनी त्याला पोलिसांच्या संघात घेतले. 1987 च्या क्विलोन येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्याचा खेळ लोकांनी पाहिला. मग आले 1990 साल. फेडरेशन कप त्रिशूरलाच भरला. अंतिम सामन्यात केरळ पोलिसांनी गोव्याच्या साळगावकर संघाला 2-1 असे हरवले. केरळच्या संघाने हा चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आमचे सहकारी तेव्हा मुंबईत नोकरीला लागलेले. त्यांच्या धाकट्या भावाने गावाहून पाठवलेल्या पत्रात घरच्या खुशालीची एकच ओळ होती, बाकी चारही पाने सामन्याची! ज्या पायऱ्यांवर पोराने बाटल्या गोळा केल्या, त्याच पायऱ्यांवरून हजारो लोक आता त्याच्या संघाचा जयजयकार करीत होते. पुढच्या वर्षी कन्नूरला पोलिसांनी पुन्हा चषक घेतला, तोही आपल्या मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र संघाला हरवून.

"हा विजयन आपला आहे का?" असे माझ्या एका स्नेह्याने मला लगेच विचारले. आपल्या लोकांची ही सवय मला ठाऊक आहे, मलाही ती आहे. मी त्यांना म्हटले, सोडा विकून घर चालवायला हातभार लावणाऱ्या पोराची याहून जास्त ओळख कशाला हवी?

त्या मुलखाचा इतिहास मात्र आपण माहीत करून घेतला पाहिजे. त्रिशूर जिल्ह्यात इरिंजालकुडा नावाचे गाव आहे. तिथल्या कूडलमाणिक्यम मंदिराजवळच्या कुट्टमकुळम तळ्याकडच्या रस्त्यावरून अस्पृश्यांना चालण्याची बंदी होती. नुसते चालण्याची! आपण 1927 ला महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलो, तिथल्या लोकांना 1946 साली रस्त्यासाठी मोर्चा काढावा लागला, आणि पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी झोडपून काढले. त्यानंतर चाळीस वर्षांनी त्याच भागातल्या एका गरीब पोराला पोलीस खात्याने चेंडू आणि पगार दिला. मधल्या काळात देशात संविधान आले होते, हे विसरून चालणार नाही.

पुढचे सारे वर्तमानपत्रांत आलेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कलकत्त्याला मोहन बागान, ईस्ट बंगाल. बंगाली लोकांनी त्याला 'काळो हरिण' म्हटले. पंजाबात जेसीटी, ज्या संघाने बायचुंग भुतियासह 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. मग एफसी कोचीन, नंतर गोव्यात चर्चिल ब्रदर्स. तीन वेळा देशातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. 1999 ला काठमांडूच्या सॅफ स्पर्धेत भूतानविरुद्ध बाराव्या सेकंदाला गोल. 2003 ला अर्जुन पुरस्कार, 2025 ला पद्मश्री. मल्याळी चित्रपटांतही त्याने कामे केली.

माझे लक्ष मात्र दुसऱ्या हिशेबाकडे जाते. मी पडलो कॉमर्सचा माणूस. एफसी कोचीन मोठ्या गाजावाजाने निघाला आणि काही वर्षांतच बंद पडला. जेसीटीने 2011 साली संघ मोडला. आपल्या मुंबईत मफतलाल, ओर्के या मिलवाल्यांचे संघ होते, ते गेले. महिंद्रचा संघ 2010 ला बंद झाला. विजयनने मोठ्या पैशासाठी पोलिसाची नोकरी सोडली होती, त्यात गैर काही नव्हते. पण पुढे तो पुन्हा त्याच खात्यात आला, अधिकारी झाला आणि 2025 साली पोलीस खात्यातूनच निवृत्त झाला. लाखांचे क्लब बुडाले, सरकारी नोकरी शेवटपर्यंत पुरली.

आता माझ्याकडून घडलेली गोष्ट. 2008 साली आमच्या विहारात मी मुलांचे हिशेबाचे वर्ग घेत असे. त्यांत एक मुलगा होता, अभ्यासात बेताचा, पण चेंडू पायात आला की चार जणांना चुकवून जाणारा. नोकरी देणाऱ्या एका संघाने त्याला निवड चाचणीला बोलावले. त्याच दिवशी त्याची संगणकाची परीक्षा होती. तो मला विचारायला आला. मी म्हटले, "चेंडूने कुणाचे पोट भरले आहे? परीक्षा दे." त्याने ऐकले. परीक्षा पास झाला, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावले. आज तो भाड्याचा टेम्पो चालवतो. चाचणीत तो निवडला गेलाच असता, असे मी म्हणत नाही. पण ती संधी मी घालवली. तो आजही रस्त्यात दिसला की गाडी थांबवून "दादा, जयभीम" म्हणतो आणि त्या दिवसाचा विषय कधी काढत नाही. त्याने काढला असता तर बरे झाले असते.

म्हणून त्या ताईंना मी घरी बोलावून समजावले. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. मात्र गल्लीतल्या चषकाचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. शासनमान्य स्पर्धेचेच लागते, आणि क्रीडा विभागाकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. ठरलेल्या स्पर्धांत खेळणाऱ्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुणही मिळतात. आपल्या पालकांना शिष्यवृत्तीचे अर्ज तोंडपाठ असतात, हे मात्र कुणी सांगत नाही. ताई म्हणाल्या, "भाऊ, पण नापास झाला तर?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांचे मालक रात्रपाळीला असतात, त्या स्वतः दोन घरची कामे करतात. नापास होणे त्यांना परवडणारे नाही.

त्रिशूरची एक गोष्ट ऐकून मात्र त्या हसल्या. तिथे लालूर नावाचा भाग आहे. सबंध शहराचा कचरा वर्षानुवर्षे तिथेच पडायचा. लोकांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ आंदोलन केले. त्याच कचऱ्याच्या जागेवर आता विजयनच्या नावाचे क्रीडासंकुल उभारले आहे. आम्ही गोवंडीची माणसे, देवनारच्या डम्पिंगच्या धुरात मुले वाढवलेली. ताई म्हणाल्या, "आपल्या डोंगरावर कोण बांधणार?"

शेवटी असे ठरले की बूट माझ्याकडेच राहतील. रविवारी सकाळी सात वाजता तो येऊन घेऊन जातो आणि नऊच्या आत आणून ठेवतो, मग माझ्यासमोर बसून तासभर गणिते सोडवतो. चिखल दारातच झटकून ये, असे माझ्या पत्नीने त्याला दोनदा बजावले आहे. अजून तरी फरक पडलेला नाही.