विश्लेषण : घरात एमसीबी असूनही शॉकने जीव का जाऊ शकतो?

घर बांधताना लाइट फिटिंगची वेळ येईपर्यंत बजेट ताणलेलं असतं. मग कात्री लागते ती भिंतीआड जाणाऱ्या, न दिसणाऱ्या गोष्टींना. ‘एमसीबी लावलाय, आता काळजी नाही,’ असंही सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे.

एमसीबी कशाला वाचवतो?

वायरला. लोड वाढला किंवा शॉर्टसर्किट झालं की तो पडतो आणि आगीचा धोका टळतो. गिझरच्या लाइनवर बहुतेकदा १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचा एमसीबी असतो. २३० व्होल्टचा शॉक बसल्यावर शरीरातून साधारण काहीशे मिलिअँपिअर करंट जातो. जीव जायला तो पुरेसा असतो, पण एमसीबी पडायला नाही.

मग माणसाला कोण वाचवतं?

आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, यावर त्याची नजर असते. फरक ३० मिलिअँपिअरवर गेला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच कमाल मर्यादा आहे. मात्र आरसीसीबी ओव्हरलोड ओळखत नाही. म्हणून तो एमसीबीच्या जागी नाही, जोडीला लावायचा.

अर्थिंग कशासाठी?

गिझरच्या बॉडीत करंट उतरला, तर अर्थिंगमुळे त्याला जमिनीकडे वाट मिळते आणि कोणी हात लावण्याआधीच आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर तो पडतो, पण शॉक बसल्यावर. तीन पिनचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग झालं, असं नाही.

घरमालकाने काय पाहायचं?

- प्लास्टरआधी पाइपांचे फोटो काढा. पुढे ड्रिल मारताना उपयोगी पडतात.
- हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत आणि तिथून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जोडलेली हवी.
- स्विच फेजवर हवा, न्यूट्रलवर नको.
- गिझर आणि एसीला स्वतंत्र लाइन हवी. पाइपच्या आत वायरला जोड नको.
- काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. टेस्ट रिपोर्टवर नुसती सही नको, तपासणी तुमच्यासमोर होऊ द्या.

राहायला गेल्यावर महिन्यातून एकदा आरसीसीबीचं ‘टेस्ट’ बटण दाबा. तो पडला नाही, तर लगेच वायरमनला बोलवा. भिंतीचा रंग कधीही बदलता येतो, पण राहून गेलेली अर्थिंगची वायर टाकायला सगळं पुन्हा उघडावं लागतं.