सभा भरवणारे आणि सभेबाहेरचे

सप्टेंबर हा आपल्या देशात सभांचा महिना. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्यानंतर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घेतलीच पाहिजे असे कंपनी कायदा बजावतो, आणि शेवटच्या दिवसापर्यंत काम रेटत नेण्याची आपली जुनी रीत असल्यामुळे सप्टेंबरच्या अखेरच्या पंधरवड्यात सभांची एकच झुंबड उडते. सभा सकाळी नऊ ते सायंकाळी सहा या वेळेतच सुरू झाली पाहिजे, राष्ट्रीय सुटीच्या दिवशी ती घेता येत नाही, पूर्ण एकवीस दिवस आधी सूचना गेली पाहिजे. अशा नियमांची जंत्री मोठी आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारा कंपनीतला माणूस म्हणजे कंपनी सचिव. या सचिवांची जी अखिल भारतीय संस्था आहे ती स्वतःला कंपन्यांच्या सुशासनाची पाठशाळा म्हणवते. समाजवादी कार्यकर्त्याचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. भांडवलदारांच्या घरचा कारभार म्हणून तो बाजूला ठेवला जातो. हे दुर्लक्ष परवडणारे नाही.

या धंद्याचा उगम विलायती आहे. लंडनमध्ये १८९१ साली सचिवांची संस्था निघाली आणि १९०२ मध्ये तिला राजाची सनद मिळाली. आपल्याकडे व्यवस्थापकीय एजन्सीच्या काळात कंपनीचा सचिव हा बव्हंशी एजंटाच्या पेढीतला कारकून होता. सभा कधी भरवायची, कोणता ठराव मांडायचा आणि वहीत काय उतरवायचे हे पेढीवर ठरत असे. १९६० मध्ये केंद्र सरकारने कंपनी सचिवांसाठी पदविका सुरू केली. ४ ऑक्टोबर १९६८ रोजी संस्थेची नोंदणी झाली. एप्रिल १९७० मध्ये व्यवस्थापकीय एजन्सीची पद्धत कायद्याने संपली. आणि १९८० च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९८१ पासून संस्थेला वैधानिक दर्जा लाभला. हा क्रम निव्वळ योगायोगाचा मानता येणार नाही. पेढीची सत्ता गेल्यावर तिच्या जागी कायद्याचा जाणकार, स्वतंत्र बाण्याचा आणि धन्याला प्रसंगी ‘हे बसत नाही’ असे सांगणारा माणूस यावा, अशी त्यामागे अपेक्षा होती. ती कितपत पुरी झाली हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम या संस्थेचा स्वतःचा कारभार पाहावा. तिच्या परिषदेत सभासदांनी निवडलेले पंधरापर्यंत आणि केंद्र सरकारने नेमलेले पाचपर्यंत सदस्य असतात. निवडणूक एकल संक्रमणीय मतपद्धतीने होते. सभासद मोठ्या उद्योगसमूहात भरघोस पगारावर असो की एखाद्या तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत व्यवसाय करीत असो, मताचे मोल सारखेच. म्हणजे स्वतःच्या घरात या मंडळींना माणसागणिक मत मान्य आहे. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर मात्र त्यांना भागागणिक मते मोजावी लागतात. दहा लाख भाग असणाऱ्याची दहा लाख मते आणि दहा भाग असणाऱ्याची दहा. ज्या सार्वजनिक कंपनीचे सभासद पाच हजारांहून अधिक आहेत तिच्या सभेची गणपूर्ती अवघ्या तीस माणसांनी होते. मग सभासद सहा हजार असोत वा तीस लाख. एखाद्या ग्रामसभेचे असे गणित कोणी मांडले असते तर वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली असती.

संस्था वैधानिक होण्यापूर्वी, म्हणजे १९६८ ते १९८० या काळात, ती स्वतःच कंपनी कायद्याखालची एक कंपनी होती. त्यामुळे इतरांना जे नियम ती शिकवी ते तिलाही लागू होते. १९८० च्या कायद्याने तिच्यासाठी वेगळी वाट आखली. परिषदेचा अहवाल आणि तपासलेले हिशेब राजपत्रात प्रसिद्ध होतात, सभासदांना त्यांच्या प्रती जातात. परंतु लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार त्या कायद्याने परिषदेला दिला. कंपनीत तोच अधिकार भागधारकांच्या वार्षिक सभेकडे आहे. हिशेब ज्यांचा त्यांनीच तपासनीस नेमू नये, हे तत्त्व सचिवांची संस्था साऱ्या देशाला समजावून सांगते. तेव्हा आपल्या सभासदांना ते लागू करून घेण्याचा आग्रह तिच्यातूनच उठायला हवा होता.

आता सभेच्या वहीकडे वळू. पक्षाच्या शाखेत चिटणीसपण केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की, सभेत काय बोलले गेले यापेक्षा इतिवृत्तात काय लिहिले गेले याला पुढे अधिक किंमत येते. कंपनी कायद्याच्या ११८ व्या कलमानुसार सभेचे इतिवृत्त तीस दिवसांत लिहून सही करावे लागते आणि रीतसर ठेवलेले इतिवृत्त हा पुरावा मानला जातो. पण त्याच कलमात अशीही सोय आहे की, बदनामीकारक, गैरलागू किंवा कंपनीच्या हिताला बाधक वाटणारा मजकूर अध्यक्षाने वगळावा, आणि असा मजकूर कोणता हे ठरवण्याचा त्याचा अधिकार निरपवाद आहे. एखाद्या म्हाताऱ्या भागधारकाने उभे राहून विचारले की गिरणीची जमीन कोणाला आणि काय भावाने विकली, तर तो प्रश्न कंपनीच्या हिताला बाधक आहे की नाही याचा निवाडा ज्याला प्रश्न विचारला त्यानेच करायचा! सचिव शेजारी बसलेला असतो. लेखणी त्याच्या हाती असते, शाई मात्र दुसऱ्याची.

संस्थेने सर्वसाधारण सभांसाठी एक प्रमाणसंहिता तयार केली असून ती १ जुलै २०१५ पासून बंधनकारक आहे. सभेच्या निमित्ताने सभासदांना भेटवस्तू, कूपने किंवा त्याबदली रोकड वाटू नये, असा नियम तिच्यात आहे. नियम उत्तम आहे. मुंबईच्या बिर्ला मातुश्री सभागारात वार्षिक सभांना येणाऱ्यांपैकी किती जण ताळेबंदासाठी येत आणि किती जण फराळाच्या खोक्यासाठी, हा एकेकाळी विनोदाचा विषय होता. भेटवस्तू बंद झाल्या. पण अध्यक्षांच्या स्तुतीची भाषणे, अहवालाच्या गुळगुळीत कागदाचे कौतुक आणि टाळ्या यांना कोणतीही संहिता आवर घालू शकलेली नाही.

सचिवाला दोष देणे सोपे आहे. त्याची स्थिती नीट पाहिली तर मात्र तो नोकरदार आहे हे ध्यानात येते. दहा कोटी रुपये वा अधिक वसूल भांडवल असलेल्या सार्वजनिक कंपनीला पूर्णवेळ सचिव ठेवावा लागतो. त्याची नेमणूक संचालक मंडळाच्या ठरावाने होते, आणि त्याला घरी पाठवणेही त्याच मंडळाच्या हातात असते. सभा वेळेवर झाली नाही तर होणाऱ्या एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडात कसूरदार अधिकारी म्हणून त्याचेही नाव येऊ शकते. जबाबदारी सारी त्याच्याकडे, अधिकार सारा मंडळाकडे. याउलट लेखापरीक्षकाला मुदतीपूर्वी काढायचे असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आणि भागधारकांचा विशेष ठराव लागतो. हे संरक्षण हिशेब तपासणाऱ्याला आहे, सभेचा साक्षीदार असलेल्या सचिवाला नाही. सुशासनावर परिसंवाद घेण्यापूर्वी सचिवांच्या संस्थेने ही एक मागणी लावून धरली असती, तर तिच्या हजारो पगारदार सभासदांचे आणि देशाचेही अधिक भले झाले असते. पण आपण कामगार आहोत असे पांढऱ्या सदऱ्याला कबूल करवत नाही, ही जुनीच कथा आहे.

अशा व्यवस्थेत कागद किती निर्दोष राहू शकतो ते ‘सत्यम’ने दाखवून दिले. सप्टेंबर २००८ मध्ये या कंपनीला सुशासनाबद्दलचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला (तो सचिवांच्या संस्थेने दिलेला नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे). ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच्या सहीने कळवले की, ताळेबंदात दाखवलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. वर्षानुवर्षे सूचना वेळेवर गेल्या, सभा वेळेवर भरल्या, गणपूर्ती झाली, हिशेब मंजूर झाले. सुमारे पन्नास हजार माणसे तेथे काम करीत होती. वार्षिक सभेत आपल्या कामाच्या नात्याने बोलण्याचा अधिकार त्यांतल्या एकालाही नव्हता.

येथे कोणी म्हणेल की, भागागणिक मत हेच दुखण्याचे मूळ आहे, ते काढले की सभा जिवंत होईल. महाराष्ट्राचा अनुभव तसा नाही. सहकारी कायदा १९६० चा. त्यात एका सभासदाला एकच मत आहे. तरीही अनेक साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात अर्ध्या तासात उरकतात, प्रश्न विचारणाऱ्याच्या हातून ध्वनिक्षेपक काढून घेतला जातो आणि पुढच्या हंगामात त्याचा ऊस शेतात वाळतो. मत समान असूनही भय समान नसते. तेव्हा केवळ मताच्या हिशेबाने हा प्रश्न सुटणार नाही. सभेत येण्याचा अधिकार कोणाला, बोललेले कोण लिहून घेतो आणि लिहिणाऱ्याची भाकरी कोणाच्या हाती, हेही विचारावे लागते.

कामगाराचा विषय येथेच येतो. आणीबाणीतल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत निषेध करण्याजोगे पुष्कळ होते. तथापि तिनेच घटनेत ४३-अ हे कलम घातले आणि उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभागी करून घेण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले. मुंबईत गिरणी कामगारांचा संप चालू असताना, डिसेंबर १९८२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला की, कंपनी गुंडाळण्याच्या अर्जात कामगारांना आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. म्हणजे कंपनीच्या अंत्यसंस्काराला कामगाराने यावे, बारशाला आणि वाढदिवसाला नको. १९९० मध्ये कामगार सहभागाचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. पश्चिम जर्मनीत १९७६ पासूनच दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांकडे आहेत. निर्णायक मत भांडवलाच्या बाजूच्या अध्यक्षाचे असले तरी कागद दोघांच्याही हाती पडतात. आणि कुर्ल्याच्या कामानी ट्यूब्जचा कारभार कामगारांच्या सहकारी संस्थेने हाती घेण्याची योजना १९८८ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली होती.

भागधारक नसलेल्याला सभेत प्रवेश देणे म्हणजे कंपनी कायद्याचा पायाच उखडणे, असे सांगितले जाते. हे खरे नाही. लेखापरीक्षक भागधारक नसतो, तरी १४६ व्या कलमानुसार त्याने सभेला उपस्थित राहावे लागते आणि त्याच्या कामाशी संबंधित विषयावर त्याला बोलू द्यावेच लागते. ज्याने वर्षातून काही आठवडे वह्या चाळल्या त्याला बोलता येते. ज्याने तीस वर्षे यंत्र चालवले त्याच्या संघटनेच्या प्रतिनिधीला का येऊ नये? या प्रश्नाला कायद्याच्या तर्कशास्त्रात उत्तर नाही.

२०२० च्या साथीत सरकारने दूरदृश्य माध्यमातून सभा घेण्यास परवानगी दिली आणि पुढे ती वारंवार वाढवत नेली. गावोगावच्या लहान भागधारकाला घरबसल्या सभा पाहता येते, हा लाभ नाकारता येत नाही. परंतु बोलू इच्छिणाऱ्याने आगाऊ नाव नोंदवायचे, पाळी आली की त्याचा आवाज सुरू करायचा आणि नको झाला की बंद करायचा, ही कळ व्यासपीठाच्या हाती गेली. पूर्वी निदान सभागृहातला गलका तरी बंद करता येत नव्हता.

कायदा बदलण्याची वाट न पाहता कामगार संघटनांना दोन गोष्टी आजही करता येण्याजोग्या आहेत. कंपनीचे भाग बाजारात विकले जात असतील तर संघटनेच्या दोन-चार कार्यकर्त्यांनी आपल्या नावावर एकेक भाग घ्यावा. एका भागाच्या धन्यालाही सभेची सूचना, अहवाल आणि उभे राहून प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो. दुसरी गोष्ट सभेनंतरची. ११९ व्या कलमानुसार सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्ताची वही नोंदणीकृत कचेरीत कामकाजाच्या प्रत्येक दिवशी किमान दोन तास सभासदाला विनामूल्य पाहता येते आणि फी भरल्यास सात कामकाजाच्या दिवसांत नक्कल मिळते. आपला प्रश्न वहीत उतरला आहे की नाही, हे जाऊन पाहावे. उतरला नसेल तर तसे लेखी विचारावे, आणि त्या पत्राची एक प्रत सचिवांच्या संस्थेकडेही धाडावी.